वीट किती वेळा उचलायची?

बांधकामापुढे रस्त्यावर पडलेला विटांचा ढीग तुम्ही पाहिलाच असेल. आता कल्पना करा, इमारत १०२ मजल्यांची, विटा सुमारे एक कोटी आणि ढीग घालायला जागाच नाही! न्यूयॉर्कच्या भर वस्तीत १९३०-३१ साली एम्पायर स्टेट इमारत बांधताना हीच अडचण होती.

उपाय एकच : सामान आधी नको, उशिरा नको, लागेल तेव्हाच यावे. प्रत्येक पोलादी तुळईवर तिचा मजला आणि तिला उचलणाऱ्या यारीचा क्रमांक लिहिलेला असे. विटा ट्रकमधून घसरणीवरून थेट तळघरातील कोठीत पडत. तेथून त्या छोट्या गाड्यांत भरून वर जात आणि रुळांवरून गवंड्यापाशी पोचत.

३ किलोग्रॅमची वीट १०० मीटर वर नेण्यास सुमारे ३,००० ज्यूल कार्य करावेच लागते. ते टळत नाही. टळते ती मधली उचलठेव, म्हणजेच मजुरांचे वाया जाणारे श्रम.

अर्थात धोकाही आहे. साठा नसल्याने एक खेप चुकली, तर वरचे सारे गवंडी हात जोडून बसतात! म्हणून वेळापत्रक काटेकोर हवे. मार्च १९३० मध्ये सुरू झालेली ही इमारत १ मे १९३१ रोजी खुली झाली.

तुमच्या गावातील बांधकामावर एक वीट किती वेळा उचलली जाते, मोजून पाहा बरे!