पायाखालचं ब्रेक ऑइल बॉनेटखाली

१९४७ नंतरच्या काही वर्षांतल्या अमेरिकी शेव्हरोले पिकअपमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर केबिनच्या तळाखाली असतो. ऑइलची पातळी पाहायला मॅट उचला, झाकणपट्टी काढा, मग बूच फिरवा. एवढ्या खटाटोपात तपासणी टळतेच, शिवाय धूळ आत पडते. म्हणून हौशी मंडळी बॉनेटखाली, इंजिनमागच्या पत्र्यावर वेगळी टाकी बसवून तिथून नळी खाली आणतात.

ऑइल गुरुत्वाकर्षणाने उतरतं. मात्र सिलिंडरच्या मूळ बुचाला हवेचं छिद्र असतं. त्याजागी नळीचा जोड असलेलं बंद बूच हवं, नाहीतर वरचं ऑइल तिथूनच सांडेल. नळी टाकीपर्यंत सतत चढती ठेवावी, कारण मधल्या उंचवट्यात हवा अडकते. पेट्रोलची साधी नळी ब्रेक ऑइलने फुगते, ती वापरूच नये. सांडलेलं ऑइल रंगही खातं.

जुन्या सिलिंडरला सर्किट एकच. कुठेही मोठी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात, आणि वरच्या टाकीने हा धोका मिटत नाही. माझं आग्रहाचं सांगणं: खर्च करायचाच तर दोन सर्किटांचा सिलिंडर घ्या आणि टाकीही दोन कप्प्यांची लावा.