उंबऱ्यापाशी थिजलेले पाऊल

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. कंपवाताने ग्रासलेला एखादा वृद्ध मुलाच्या आधाराने त्या पायऱ्या एकामागून एक चढून येतो आणि घरी परतल्यावर स्वतःच्याच उंबऱ्यापाशी जागच्या जागी थिजतो. पाय जणू फरशीला चिकटले आहेत! अशा वेळी घरच्यांना त्यात हट्ट किंवा ढोंग दिसण्याचा संभव फार. घाट चढता येतो, मग न्हाणीघरापर्यंतची चार पावले का टाकवत नाहीत? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण त्याचे उत्तर पायांत नसून मेंदूत आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या विकाराचे वर्णन केले. हातांचा कंप तेवढा सर्वांच्या लक्षात राहिला. वाकलेली मान, आखूड पावले आणि चालता चालता आपोआप धावू लागण्याची प्रवृत्ती यांचीही नोंद त्यांनी केली होती, तिच्याकडे मात्र लोकांचे तितकेसे लक्ष गेले नाही. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ यांनी दाखवून दिले की, मध्यमेंदूतील ‘काळे द्रव्य’ म्हणून ओळखला जाणारा भाग या रुग्णांत झडलेला असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे रसायन मेंदूच्या खोल गाभ्यातील केंद्रांना पुरवतात. तेच तेथे कमी पडते, हे १९६० साली व्हिएन्नातील संशोधनाने सिद्ध झाले.

निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करीत नाही. तो बोलतो, हिशेब करतो, वर्तमानपत्राची घडी घालतो. पावले आपली पडत असतात. हे सवयीचे काम ही खोल केंद्रे सांभाळतात. कचेरीतील जुना, जाणता शिपाई रजेवर गेला म्हणजे साध्या फायलीसाठीही साहेबांना स्वतः उठावे लागते. कंपवातात मेंदूची तीच अवस्था होते. प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावे लागते. म्हणूनच चालताना कोणी हाक मारली, वळण आले, अरुंद दार आले किंवा फोनची घंटा वाजली की रुग्ण अडतो.

पायरीची गोष्ट वेगळी. तिची कड डोळ्यांना दिसते आणि पुढचे पाऊल कोठे टाकायचे ते सांगते. अशा वेळी दृष्टी, लहान मेंदू व मेंदूच्या पृष्ठभागावरील काही भाग मिळून दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत आज्ञा पोहोचवतात, असे मानले जाते. सपाट फरशी मात्र काहीच सांगत नाही. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या अभिकल्पकाराने आपल्या एका नातेवाइकाच्या बाबतीत नेमके हेच हेरले. जिना सहज उतरणारा माणूस सपाट जमिनीवर अडतो, हे पाहून त्यांनी घरातील जमिनीवर पायऱ्यांचा आभास निर्माण करणारे चित्र चिकटवले आणि रुग्ण त्यावरून न थांबता चालला. २०१५ साली एका व्याख्यानात त्यांनी ही हकीकत जगापुढे मांडली.

लेव्होडोपा या औषधाने डोपामीनची उणीव बरीच भरून निघते, कंप व ताठरपणाही कमी होतो. परंतु तोल जाणे व पाय थिजणे यांवर ते पुष्कळदा अपुरे पडते, कारण मेंदूच्या देठातील, ॲसिटिलकोलिन या निराळ्या रसायनावर चालणाऱ्या पेशीही या रोगात नष्ट होतात. याच अवस्थेत रुग्ण पडतो आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळतो. त्याला हाताला धरून ओढणे म्हणजे पडण्यास मदत करणेच होय. त्याला थांबू द्यावे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्यावा, मग ‘एक, दोन’ असा ठेका द्यावा किंवा समोरची रेघ ओलांडायला सांगावे. उंबऱ्याच्या अलीकडे रंगीत पट्ट्या चिकटवण्यास फारसा खर्च येत नाही. त्या प्रत्येकाला उपयोगी पडतातच असे नाही आणि काहींच्या बाबतीत सवय झाली की गुण ओसरतो. मग पट्ट्यांची जागा किंवा रंग बदलून पाहावा लागतो.