पाण्याचा हिशेब आणि पदवीची चौकट

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. बहुतेक ठिकाणी तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळून उरकण्याचा पेपर ठरला, हे शिक्षकही नाकारणार नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर नैसर्गिक साधनसंपत्तीचे संवर्धन हा पदवीचा मुख्य विषय होऊ शकतो. तेव्हा त्यात शिकवावयाचे काय, हे आधी ठरले पाहिजे.

वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र आणि रसायनशास्त्र यांची बेरीज म्हणजे हा विषय, अशी समजूत दिसते. ही शास्त्रे हवीतच. परंतु खडकात पाणी किती मुरते हे भूशास्त्र सांगेल. मुरलेले पाणी कोणी किती उपसावे, हे सांगणार नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. ते अभियंते होते. बंधारे बांधून थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी पाणी एकरांवर न वाटता माणसांवर वाटले: माणशी अर्धा एकर भिजेल इतके. भूमिहीनालाही वाटा मिळाला, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे, आणि उसाला मज्जाव होता. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलावयाचा होता. हा प्रयोग समजून घेण्यास अर्थशास्त्र व कायदा लागतो, आणि बागाईतदार व मजूर एका बैठकीत कसे बोलतात याची जाणही लागते.

अमेरिकेत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ साली डॉक्टरेट मिळविली ती दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलाच्या अशाच प्रश्नावर. पदवी राज्यशास्त्राची, २००९ चे नोबेल मात्र अर्थशास्त्राचे!

पालकांचा प्रश्न नोकरीचा असतो, आणि तो गैर नाही. भारतीय वन सेवेच्या २०२४ च्या परीक्षेसाठी पात्र विषयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र होते, अभियांत्रिकीची पदवीही चालत होती. पर्यावरणशास्त्राचे नाव मात्र नव्हते. जंगल राखण्याचे शिक्षण घेतलेल्याला जंगल खात्याचेच दार बंद! विद्यापीठांनी हे गाऱ्हाणे केंद्र सरकारपुढे मांडावे. तोवर जोडीला वनस्पतिशास्त्र वा संख्याशास्त्र घ्यावे, हे विद्यार्थ्याला प्रवेशअर्ज देतानाच सांगितले पाहिजे. तिसऱ्या वर्षी सांगून उपयोग नाही.