वर्ज्य कीं मित?

भात, पोळी, बटाटा व साखर कमी करण्याचा आहार आज घरोघर चर्चिला जातो. पण तो नवा नव्हे. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थानें डॉ. हार्वे यांच्या सल्ल्यानें पाव, साखर, बटाटे व बीअर सोडून वजन उतरविलें आणि १८६३ मध्यें त्यावर पुस्तिका छापली. त्याचा मार्ग वर्ज्यतेचा. सॅम्युअल जॉन्सन मद्याबाबत असाच: मुळींच न घेणें त्यास जमे, थोडें घेणें जमत नसे.

माझेंही तेंच. मधुमेह जडल्यावर 'एकच चमचा' म्हणून मी आमरसाला हात लावी आणि वाटी रिकामी होई; दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच आठवण. शेवटीं आंबा अजिबात सोडला. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, पुढें मन निवलें. आमच्या कुटुंबाचें मात्र उलट! तिला मनाई केली कीं दिवसभर तोच पदार्थ डोळ्यांपुढें. जेवणाअखेर एक फोड मिळाली कीं ती तृप्त.

तेव्हां पहिल्या घासानें इच्छा शमते कीं चाळवते, हें ज्यानें त्यानें पाहावें. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातांत सुमारें २८ ग्रॅम पिष्ट असतें. म्हणून मित खाणारानें वाटी मोजूनच घ्यावी, भांडें पानाजवळ ठेवूं नये. उसळ, अंडें, भाजी यांनीं आधीं पोट भरलें तर ओढ पुष्कळ मंदावते.

मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून भात सोडूं नये. औषध तेंच राहून पिष्ट घटलें तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरूं शकते. घाम, कंप, भोवळ हीं त्याचीं लक्षणें. अशा वेळीं साखर तत्काळ तोंडांत टाकावी, तेथें व्रत आड आणूं नये.