विझलेली फुलबाजी जास्त का भाजते?

कळमन्यात दिवाळीच्या संध्याकाळी अंगणात फुलबाज्या पेटतात. ठिणग्या हातावर पडल्या तरी मुलं हसतात. मग विझलेल्या तारेवर अनवाणी पाय पडतो आणि किंकाळी उठते. असं का होतं?

तारेवरच्या लेपात लोखंडाचा कीस, ॲल्युमिनियमची भुकटी आणि जळताना ऑक्सिजन पुरवणारा क्षार असतो. लेप पेटला की लोखंडाचे तापलेले कण उडतात आणि हवेत जळून चमकतात. ठिणगी हजार अंशांहून अधिक तापलेली असते. पण इवल्याशा कणात उष्णता किती मावणार? फोडणीतला मोहरीचा दाणा उडाला तर क्षणभर चटका बसतो, कढईचा काठ लागला तर फोड येतो. तसंच हे. तरीही ठिणगी डोळ्यांत जाऊ नये आणि कपड्यांवर साचू नये. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, म्हणून सुती कपडे बरे.

तार म्हणजे ती कढई. सुमारे ५०० अंशांखाली आली की तिची लाली जाते. दिसते काळी, पण उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम असते.

म्हणून पाण्याची बादली आधी भरा, फुलबाजी नंतर पेटवा. विझलेली तार थेट पाण्यात बुडवा. चर्र आवाज आला की किती उष्णता उरली होती ते मुलांनाही कळेल. जवळ बारदाना किंवा वाळलेलं गवत नको. भाजलंच, तर २० मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्टही नको.