‘पण’ आला कुठून?

‘तो पण आला, पण उशिरा.’ कळंबपासून मंचरपर्यंत, किंबहुना महाराष्ट्रात कुठेही, हे वाक्य कुणाला खटकणार नाही. त्यातला पहिला ‘पण’ माणसाला इतरांच्या रांगेत आणून बसवतो आणि दुसरा लगेच त्याच्यात खोट काढतो. जोडणारा आणि तोडणारा शब्द एकच कसा? पहिला ‘पण’ शुद्ध मराठी नव्हे, शेजारच्या भाषांच्या वळणाने आलेला आहे, असा आक्षेप घेता येईल. तो मान्य केला तरी कोडे सुटत नाही, फक्त शेजारी सरकते. गुजरातीतही ‘पण’ हाच शब्द ‘सुद्धा’ आणि ‘परंतु’ असे दोन्ही अर्थ वागवतो. उत्तर शब्दाच्या जन्मात आहे. संस्कृत ‘पुनः’चे प्राकृतात ‘पुण’ आणि ‘उण’ झाले, पालीत ‘पन’ झाले आणि आपल्याकडे त्याचाच ‘पण’. म्हणजे ‘पुन्हा’ आणि ‘पण’ ही सख्खी भावंडे. ‘पुन्हा’चा ‘पण’ कसा होतो, हे आजच्या बोलण्यातही दिसते: ‘काम आपण करायचं आणि पुन्हा बोलणीही आपणच खायची!’ इथल्या ‘पुन्हा’त दुसऱ्यांदा असे काहीच घडलेले नाही. आधीच्या गोष्टीवर आणखी एक गोष्ट ठेवली आहे आणि ती पहिलीशी जुळत नाही. ‘आणखी’वर भर दिला की ‘सुद्धा’ मिळतो, न जुळण्यावर दिला की ‘परंतु’. जर्मन भाषेतल्या ‘आबर’चेही असेच झाले. त्याचा जुना अर्थ ‘पुन्हा’, आजचा ‘पण’.

माझे म्हणणे असे की विरोध दाखवणारा शब्द कोणतीही भाषा सहसा कोरा घडवत नाही. काळ, जागा, माप किंवा भर दाखवणारा एखादा जुना शब्द ती या कामाला जुंपते, आणि जुंपण्याचे काम ऐकणारा करतो. इंग्रजी ‘बट’ मुळात ‘बाहेर’ या अर्थाचा होता. बाहेर म्हणजे वगळून आणि वगळून म्हणजे ‘परंतु’, असा त्याचा प्रवास झाला. आपल्या ‘परंतु’तला ‘परम्’ही पलीकडचे, नंतरचे दाखवणारा. इंग्रजी ‘व्हाइल’ हा मुळात नुसता वेळेचा अवधी होता. ‘तो झोपला असताना मी राबत होतो’ असे कुणी म्हटले, तर ऐकणारा घड्याळ पाहत नाही, तक्रार ऐकतो. हा अंदाज लाखो वेळा केला गेला की शेतातून पडलेल्या पायवाटेसारखा तो पक्का होतो आणि शब्दाचा अर्थच बनतो. फ्रेंच ‘सपांदां’ही ‘हे चालू असताना’वरून ‘तरीसुद्धा’वर पोहोचला. आपले जर-तर त्याच वाटेने आले. संस्कृत ‘यर्हि-तर्हि’ म्हणजे ‘जेव्हा-तेव्हा’. त्यातून अट आली आणि अटीला ‘सुद्धा’ची जोड मिळून ‘जरी-तरी’ झाले. ‘यदि’ आणि ‘अपि’ मिळून ‘यद्यपि’, ‘तथा’ आणि ‘अपि’ मिळून ‘तथापि’, आणि घरगुती ‘असून’ला ‘ही’ लावून ‘असूनही’ झाले. तिन्हींची घडण एकच.

इथे एक समज तपासायला हवा. तर्कशुद्ध युक्तिवादाची, समोरच्याचा मुद्दा मान्य करून पुढे जाण्याची भाषा मराठीला एकोणिसाव्या शतकात इंग्रजी गद्याने दिली, असे बरेचदा सांगितले जाते. या समजाला काही आधार आहे, हे नाकारता येणार नाही. निबंधांनी आणि वर्तमानपत्रांनी ‘तथापि’, ‘असे असले तरी’ यांचा वापर वाढवला आणि त्यांना एक ठाशीव जागा दिली. पण वापर वाढवणे वेगळे आणि साधन देणे वेगळे. शके 1212, म्हणजे 1290 मधल्या ज्ञानेश्वरीत ‘परी’ आहे, ‘जऱ्ही’ आहे, ‘तऱ्ही’ आहे. एखादी शंका उभी करून, तिला तिचा मान देऊन मग उत्तर द्यायचे, हा ज्ञानदेवांचा नेहमीचा क्रम या शब्दांशिवाय चाललाच नसता. त्याच्याही मागे जायचे तर मंचरपासून जुन्नर परिसर जवळच आहे. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत शिलालेख आहे, पण त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे. जुन्नरच्या लेण्यांतले लेख बहुतेक दानाचे: अमक्याचे ‘देयधम’, म्हणजे पुण्यार्थ दिलेले दान. दानपत्राला कुणाशी वाद घालायचा नसतो, त्यामुळे विरोधाचे शब्द तिथे शोधून फारसे हाती लागत नाहीत. ते सापडतात परंपरेने सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत. रुसवे, टोमणे आणि चोरटी प्रीती यांनी भरलेल्या त्या महाराष्ट्री प्राकृत गाथांत ‘उण’ ठायी ठायी भेटतो. दगडावर जे टिकले तेवढीच भाषा होती, असे मानले तर निम्मी भाषा हातची जाते.

या सगळ्यात मला सर्वांत मोहवणारी गोष्ट कारण आणि विरोध यांच्या नात्याची आहे. फ्रेंच ‘पुर्तां’ आणि इटालियन ‘पेरो’ यांचा आजचा अर्थ ‘तरीही’, ‘पण’. जुना अर्थ? ‘म्हणून’! अर्थ अगदी उलटा कसा झाला, हे वाचून आश्चर्य वाटते. मराठी वाक्य समोर ठेवले की ते ओसरते. ‘पाऊस आला म्हणून कांद्याची गाडी मंचरला गेली नाही’ हे वाक्य घ्या. इथे पाऊस हे कारण आणि गाडी घरीच. पण क्रियापद बदला आणि ‘म्हणून’पुढे एक ‘काही’ घाला: ‘पाऊस आला म्हणून काही गाडी थांबत नाही.’ आता पाऊस आला तरीही गाडी जाते. ‘म्हणून’ जागचा हललेला नाही. नकाराने कारणालाच बाद केले आहे. कारण असूनही परिणाम न होणे हाच तर ‘तरी’चा अर्थ. फ्रेंच आणि इटालियन शब्द अशाच नकारार्थी वाक्यांत वावरता वावरता नकाराचा अर्थ स्वतःतच मुरवून बसले. मराठी ‘म्हणून’ अजून त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहे.

ही सारी जुळवाजुळव मागाहून सुचलेली, ध्वनींच्या योगायोगावर उभी केलेली गोष्ट आहे, अशी शंका कुणी घेईल. एकाच भाषेचा दाखला असता तर ती रास्त ठरली असती. पण एकमेकांपासून दूर वाढलेल्या भाषा त्याच मोजक्या उगमांपाशी येतात, आणि अर्थ बहुतेक एकाच दिशेने सरकतो. ‘तरीही’ या अर्थापाशी शब्द पोहोचला की तिथून पुढे तो नवे अर्थ घेत नाही, असे निरीक्षण जर्मन भाषाशास्त्रज्ञ एकेहार्ड कोनिग यांनी मांडले आहे. योगायोगाला अशी शिस्त नसते. आपल्याकडे या अव्ययांकडे बारकाईने पाहणाऱ्यांत मोरो केशव दामले यांचे नाव आधी घ्यायला हवे. आधीच्या व्याकरणकारांची मते एकेक करून पारखणारे त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली आले. त्यांचे थोरले बंधू केशवसुत शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. दामल्यांचे नाव मात्र व्याकरणाच्या अभ्यासकांबाहेर फारसे गेले नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

मागच्या वाक्यातला ‘मात्र’ पाहा. मूळ शब्द मापाचा, मग ‘केवळ’चा, आणि आता विरोधाचा. मराठीत त्याची जुनी जागा ज्या शब्दाला तो वेगळा काढतो त्याच्या पाठीशी आहे: ‘सगळे आले, तो मात्र आला नाही.’ गेल्या काही दशकांत बातम्यांतून तो वाक्याच्या तोंडाशी येऊन बसला आहे, शेजारी स्वल्पविराम घेऊन: ‘मात्र, प्रशासनाने दखल घेतली नाही.’ या बैठकीमागे इंग्रजी ‘हाउएव्हर’चे वळण असावे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अर्थ ‘मात्र’ने स्वतः कमावला होता, इंग्रजीकडून त्याने घेतली ती वाक्यातली जागा.