२.१ सेकंदांसाठी साडेसात लाख

इलेक्ट्रिक गाडीला ‘पिकअप’ नसतो, हा समज आता जुना झाला. चीनच्या बीवायडी कंपनीची ‘सील’ ही इलेक्ट्रिक स्पोर्ट्स सेडान मार्च २०२४ मध्ये भारतात आली. तिचा सर्वांत वरचा ‘परफॉर्मन्स’ प्रकार थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.८ सेकंदांत गाठतो, असे कंपनी सांगते. अशा गाडीची परीक्षा तिच्या मोटारीपुरती पुरेशी नाही. आत बसणाऱ्या माणसाचे डोळे, कान, मान आणि मेंदू यांना ती कितपत मानवते, हेही पाहायला हवे.

आधी हिशोब. भारतात आली तेव्हा ‘डायनॅमिक’, ‘प्रीमियम’ आणि ‘परफॉर्मन्स’ या तीन प्रकारांच्या शोरूम किमती अनुक्रमे ४१ लाख, ४५ लाख ५५ हजार आणि ५३ लाख रुपये होत्या. वरच्या दोन्ही प्रकारांत बॅटरी एकच, ८२.५६ युनिटांची. प्रीमियममध्ये एक मोटर, परफॉर्मन्समध्ये दोन. एका मोटारीच्या गाडीला १०० चा वेग गाठायला ५.९ सेकंद लागतात. म्हणजे २.१ सेकंद वाचवण्यासाठी ७ लाख ४५ हजार रुपये जास्त मोजायचे. वर एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर ६५० वरून ५८० किलोमीटरवर येते, ते वेगळेच.

हे आकडे युरोपातील जुन्या, सौम्य चाचणीचे आहेत. तिथल्या नव्या, अधिक कडक चाचणीत याच दोन प्रकारांना अनुक्रमे ५७० आणि ५२० किलोमीटर मिळाले. एसी चालू, चार माणसे, डिकीत सामान आणि ताशी १०० चा वेग असेल, तर १०० किलोमीटरला १८ युनिटे धरून चालावे. त्या हिशोबाने पूर्ण बॅटरीत साधारण ४५० किलोमीटर होतात. पुण्याहून मुंबईला जाऊन परत यायला एवढे पुरून उरते. घाटाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. माणसांसह अडीच टन भरणारी गाडी ५०० मीटर उंच चढवायला नेहमीच्या खर्चावर साडेतीन ते चार युनिटे जास्त लागतात आणि उतरताना त्यातली काही परत मिळतात. मात्र घाटमाथ्यावरून बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते.

आता शरीराकडे वळू. ३.८ सेकंदांत १०० चा वेग म्हणजे पाठीवर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ पाऊणपट जोर. आपल्या अंतर्कर्णात कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांची एक रचना असते. डोके कुठे कलले आहे, हे ती मेंदूला कळवते. डोके मागे कलणे आणि शरीर वेगाने पुढे ढकलले जाणे, यांतला फरक तिला ओळखता येत नाही. अशा वेळी ती ‘आपण ३५ अंशांहून जास्त मागे कललो आहोत’ असा निरोप पाठवते. समोर रस्ता दिसत असेल, तर डोळे ही चूक सुधारतात. पण मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोके घातलेल्या मुलाचे डोळे ‘काहीच हलत नाही’ असे सांगत असतात. कान आणि डोळे यांच्या या भांडणातूनच गाडी लागते.

इलेक्ट्रिक गाडीत त्यात आणखी एक भर पडते. पाय पेडलवरून उचलला की मोटर उलट काम करून वीज बनवू लागते आणि गाडीचा वेग कमी होतो. शहरातल्या गर्दीत पाय सतत वरखाली करणाऱ्या चालकामुळे गाडी हेलकावत राहते. साधारण पाच-सहा सेकंदांत एक, या संथ लयीचे हेलकावे माणसाला सर्वाधिक त्रास देतात. चालकाला पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते, म्हणून त्याला सहसा मळमळत नाही. ते सोसावे लागते मागे बसलेल्यांना. उपाय सोपे आहेत. वीज परत मिळवण्याची पातळी कमी ठेवावी, पेडल हळू सोडावे, त्रास होणाऱ्याला पुढे बसवावे आणि त्याने नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा थांबण्याचा. अडथळा दिसणे, तो ओळखणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत सावध चालकाचीही साधारण दीड सेकंद जातात. ताशी १०० च्या वेगाने गाडी तेवढ्यात ४२ मीटर पुढे गेलेली असते. मग चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता धरूनही आणखी सुमारे ४८ मीटर लागतात. एकूण ९० मीटर. वेग ६० असता, तर हेच अंतर ४२ मीटर भरले असते. दुसरी मोटर यातला एक मीटरही कमी करत नाही. शिवाय ही गाडी जवळजवळ २,२०० किलोची आहे. १०० च्या वेगात तिच्यात जेवढी ऊर्जा असते, ती ६० ने धावणाऱ्या ११०० किलोच्या छोट्या गाडीच्या साडेपाचपट भरते. धडकेत हीच ऊर्जा दोन्हीकडच्या माणसांच्या हाडांवर आणि अवयवांवर येते.

त्यात इंजिनाचा आवाज नाही, गिअर बदलणे नाही. वेगाचा अंदाज आपण डोळ्यांबरोबर कानांनीही घेत असतो. आवाज गेला की वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटू लागतो. म्हणून वेगमर्यादेची सूचना देणारी सोय चालू ठेवावी. ‘युरो एनकॅप’च्या २०२३ च्या चाचणीत सीलला पाच तारे मिळाले, ही जमेची बाजू निश्चितच मोठी आहे. पण त्या ताऱ्यांचा उपयोग सीटबेल्ट लावणाऱ्यालाच होतो. मागच्या सीटवरही पट्टा हवाच. डोके टेकायची उशी डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत यावी, नाहीतर झटक्याने मान मागे मोडते.

घरात वयस्कर माणसे असतील, तर आणखी एक गोष्ट पाहावी. स्पोर्ट्स सेडान बुटकी असते आणि बॅटरी पायाखाली असल्याने मागे बसल्यावर गुडघे उंच राहतात, मांडीला आधार कमी मिळतो. गुडघेदुखी किंवा कंबरदुखी असणाऱ्याला दोन तासांच्या प्रवासात ते जाणवते. लांबच्या प्रवासात चार्जिंगचा थांबा कटकट मानू नये. दर दोन तासांनी उतरून चालल्याने पायांतले रक्त साकळण्याचा धोका कमी होतो आणि चालकाची झापडही जाते.

सील ही गाडी म्हणून उत्तम आहे. ओव्हरटेक करताना चपळपणा कामी येतो, हे खरे. त्यासाठी ५.९ सेकंद भरपूर झाले. पन्नास लाखांच्या घरात जाणारा खर्च परवडत असेल, तर अधिक अंतर जाणारा प्रीमियम प्रकार पैसे आणि प्रकृती या दोन्ही हिशोबांत सरस ठरतो. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नये. आजी-आजोबांना आणि मुलांना मागे बसवावे, अर्धा तास शहरातल्या गर्दीत फिरावे आणि उतरल्यावर आधी त्यांना विचारावे.